परदेशी शिष्यवृत्ती : अर्ज भरण्याआधी तीन अटी वाचा

परवा पालकसभेनंतर एका आईने विचारलं, "बाई, मोठी मुलगी एम.ए. करतेय. परदेशी शिष्यवृत्ती म्हणजे सगळं फुकटच ना?" पैसे परत द्यायचे नसतात हे खरं, पण अटी असतात. आपल्या परळचंच उदाहरण घेऊ.

परळच्या बीआयटी चाळीत ज्यांनी अनेक वर्षं काढली, ते बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी करार होता : शिकून आल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. १९१७ मध्ये ते हजरही झाले. पण अस्पृश्यतेमुळे तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून मुंबईला परतावं लागलं.

आज रूप बदललंय, अटी आहेतच. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचं पाहू. भारतात हा कार्यक्रम १९५० पासून चालतो.

१. नागरिकत्व : अर्जदार भारताचा नागरिक हवा आणि अर्ज करताना भारतात राहत असावा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर अर्ज चालत नाही.

२. रजा : नोकरी असेल तर संस्थेची संमती लागते. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवलेले. त्यांना फुलब्राइट मिळाली, तरी जानेवारी २०२२ मध्ये रजेचा प्रश्न राज्यभर गाजला. शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर रजा मंजूर झाली. आपल्यासाठी मंत्री येणार नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांशी आधीच बोला, होकार लेखी घ्या.

३. परत येणं : फुलब्राइटवाल्यांना जे-१ व्हिसा मिळतो. शिक्षणानंतर मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड सहसा मिळत नाही. ब्रिटनच्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीतही मायदेशी परतण्याची हमी द्यावी लागते.

तिसरी अट घरात बसून बोलायची. "तिकडेच नोकरी करेन" असं मुलीच्या मनात असेल, तर ही वाट तिची नाही; विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती बघावी. आणि शिकून इथेच काम करायचं असेल, तर ती अट अडचण वाटणारच नाही.

त्या आईला मी एवढंच सांगितलं : यंदाची नियमावली अधिकृत संकेतस्थळावरून काढा आणि मुलीसोबत बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. फॉर्म नंतर भरा.