मोबाईल हातात आला. ग्रामसभा कोणाच्या हातात?

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे बाजाराचे गाव आहे. आणि आपल्या बोलण्यात कट्टा म्हणजे चार माणसांनी बसून गावगोष्टी करण्याची जागा. गावचे राजकारण अशाच जागी शिजते. निवडणुकीला कोणाला उभे करायचे, रस्ता कोणत्या वाडीतून न्यायचा, विहिरीचा गाळ कधी काढायचा, हे पंचायतीच्या टेबलावर जाण्याआधी कट्ट्यावर ठरते. आपल्या आजा-पणजांना मात्र गावोगावच्या अशा पारांवर आणि कट्ट्यांवर जागा नव्हती. लांब उभे राहून झालेला निर्णय ऐकायचा, एवढाच त्यांचा वाटा.

आज प्रत्येकाच्या खिशात एक नवा कट्टा आला आहे. मोबाईलवरच्या या कट्ट्यावर बसताना कोणी जात विचारून उठवत नाही. ही गोष्ट लहान नाही. पण प्रश्न असा आहे की, या कट्ट्यामुळे गावच्या कारभारातला आपला वाटा वाढला, की नुसते बोलणे वाढले?

आवाज मिळाला, हे खरे

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताचा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क मागितला. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. म्हणून स्वतःचे पत्र हवे होते. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. प्रत्येक वेळी कागद, छपाई, टपाल आणि वर्गणी यांची ओढाताण होतीच.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. २०१६ नंतर ते इतके स्वस्त झाले की काजूच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या बाईच्या हातातही पोहोचले. आज वाडीतली एखादी मुलगी फुटलेल्या गटाराचा फोटो काढते आणि तो दुपारपर्यंत सगळ्या तालुक्यात फिरतो. त्यासाठी तिला संपादकाची परवानगी लागत नाही. एका पिढीने ज्यासाठी उपास काढले, ते साधन दुसऱ्या पिढीच्या हाती सहज आले. त्याची किंमत आपण ओळखली पाहिजे.

हिशेब घरबसल्या दिसतो

पूर्वी पंचायतीचा हिशेब बघायचा म्हणजे ग्रामसेवकाच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहायचे. “साहेब बाहेर गेले आहेत, उद्या या,” हे उत्तर ऐकले नाही असा माणूस विरळाच. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क माफ. त्यापुढचे पाऊल २४ एप्रिल २०२० रोजी पडले. केंद्र सरकारने ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू केले. त्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि आपली ग्रामपंचायत निवडली की वर्षाचा आराखडा दिसतो. कोणते काम धरले आणि किती खर्च पडला, तेही दिसते.

आता हे आपल्या वाडीशी जोडून पाहा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून राबवली जाते. वाडीतला पाण्याचा नळ, पायवाट, दिवा, समाजमंदिराचे छप्पर हे कोणाच्या मेहेरबानीचे विषय नाहीत. ते हिशेबाचे विषय आहेत. आराखड्यात आपल्या वाडीचे काम आहे का, आणि काम झाल्याचे दाखवले असेल तर ते जमिनीवर उभे आहे का, हे दहावी झालेली कोणतीही मुलगी आज तपासू शकते. लोकशाहीला इंटरनेटची खरी मदत झाली असेल तर ती इथे.

दार उघडते, तसे बंदही होते

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. जे साधन हिशेब दाखवते, तेच साधन कधी उंबऱ्यावर आडवे येते.

१५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या १४ हजार २३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरले होते. उमेदवारी अर्ज संगणकावर भरायचा होता. डिसेंबर २०२० च्या अखेरीस अर्जांची गर्दी झाली आणि यंत्रणा मंदावली. शेवटी राज्य निवडणूक आयोगाला कागदी अर्ज स्वीकारण्याची मुभा द्यावी लागली आणि वेळही वाढवावी लागली. दोन वर्षांनी पुन्हा तेच घडले. १८ डिसेंबर २०२२ च्या मतदानासाठी ७ हजार ७५१ ग्रामपंचायती होत्या. त्यांत आपल्या सिंधुदुर्गातल्या ३२५ होत्या. तेव्हाही अखेरच्या घटकेला कागदी अर्जाची वाट मोकळी करावी लागली.

आयोगाने वाट मोकळी केली, हे योग्यच झाले. पण त्या दोन-तीन दिवसांत काय होते याचा विचार करा. ज्याच्या घरी संगणक, गाडी आणि ओळखीचा वकील आहे, तो तालुक्याला तळ देऊन बसू शकतो. जिची रोजंदारी बुडते, ती बाई सेवा केंद्रासमोर किती दिवस बसणार? राखीव जागेवर उभे राहायचे तर जातपडताळणीचा अर्जही लागतो. त्याची पोच मिळवायला पुन्हा संगणकच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. घटनेने दिलेला हक्क ‘सर्व्हर’ नावाच्या शब्दापाशी अडू नये. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संगणकाचा मार्ग असावा, पण कागदाचा मार्ग पहिल्या दिवसापासून शेजारी उघडा असावा.

कोकणच्या माणसाला हे अधिक समजेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वीज गेली आणि मोबाईल मुके झाले. २०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातल्या एका मुलीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर खोप बांधून अभ्यास केला. जो हक्क केवळ रेंजवर अवलंबून आहे, तो पावसाळ्यात वाहून जाणारा हक्क आहे.

सभेतले बोलणे आणि कानातले बोलणे

कट्ट्याला बॅ. नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण आहे. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्या काळी उमेदवाराचे म्हणणे सभेत ऐकावे लागे. तो जे एका वाडीला सांगे, ते दुसऱ्या वाडीलाही ऐकू येई. उद्या त्याला “काल असे बोललात” म्हणून अडवता येई.

मोबाईलवरचा प्रचार तसा नसतो. तुमच्या मोबाईलवर एक मजकूर येतो आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवर दुसरा. शेतकऱ्याला एक सांगितले जाते, मच्छीमाराला वेगळे. तुम्ही काय बघता यावरून तुम्हाला पुढे काय दाखवायचे ते ठरते. ज्याचे बोलणे चारचौघांत तपासता येत नाही, त्याला जाब कोठे विचारणार? म्हणून मोबाईलवर आलेला प्रचार एकट्याने गिळू नये. तो घरात आणि वाडीत मोठ्याने वाचावा.

याहून भयंकर गोष्ट अफवेची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्याच खोलीत. जिथे गावाने विचार करायचा, तिथेच गावाने विचार सोडला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. पण खरे बंधन आपल्या अंगठ्यावर हवे. ऐकले म्हणून, अनेकजण म्हणतात म्हणून विश्वास ठेवू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेले आजच्या मोबाईललाही लागू पडते.

मात्र अफवेचे निमित्त करून बोलण्याचाच हक्क कोणी काढून घेत असेल, तर तेही चालणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून एका तरुणीला आणि ते पसंत केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. देशभर संताप उसळला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ६६-अ कलमाचा तिथे वापर झाला होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. खरे-खोटे पारखून बोलण्याची जबाबदारी आपली आहे.

ग्रुपवर टाकले, म्हणजे झाले काय?

आपल्या बहुतेक वाड्यांचे एक मंडळ गावात आणि एक मुंबईत असते. पूर्वी पत्रे आणि मनीऑर्डरी यायच्या, आता ग्रुप आहे. पाणी आले नाही की ग्रुपवर पन्नास संदेश पडतात. मुंबईचे चाकरमानी संतापतात, गावचे हात जोडलेली चित्रे टाकतात. कोणी विचारलेच तर उत्तर येते, “मियां ग्रुपार टाकलंय मां!” आणि ग्रामसभेच्या दिवशी वाडीतली दोनच माणसे खुर्चीवर असतात.

कायदा काय म्हणतो? ग्रामसभेच्या वर्षातून चार बैठका व्हायला हव्यात आणि त्यापूर्वी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे एका वाडीतली पंचवीस माणसे वेळेवर जाऊन बसली, तर त्यांच्या शब्दाला वजन येते. ग्रुपवरचे पाचशे अंगठे मात्र इतिवृत्तात येत नाहीत. इतिवृत्तात जे लिहिले गेले नाही, ते कागदोपत्री घडलेच नाही.

मुंबईच्या बांधवांनाही एक सांगणे आहे. कायद्याने मतदार म्हणून नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. मुंबईत राहायचे, गावच्या ग्रुपवर हुकूम सोडायचे आणि रोज पाणी भरणाऱ्या बाईला विचारायचे नाही, हे बरे नव्हे. कागदपत्र शोधणे, अर्जाचा मसुदा करणे, साहेबांना फोन करणे ही मदत मुंबईहून जरूर करावी. निर्णय मात्र तिथे राहणाऱ्यांचा असावा.

आणि घरातला मोबाईल कोणाच्या हातात आहे? पंचायतीच्या ग्रुपवर सदस्य बाईचे नाव, पण उत्तरे तिचा नवरा देतो, असे आमच्या पाहण्यात पुष्कळदा येते. ती निवडून आली आहे, तर वाचणारी आणि बोलणारीही तीच हवी. मुलांनी आईला मोबाईलवर गाणी लावून देण्याबरोबर पंचायतीचा आराखडाही उघडून द्यावा.

एवढे तरी करू या

येत्या रविवारी रात्रीच्या जेवणानंतर घरातल्यांनी मिळून अर्धा तास काढावा. आधी सर्वांची नावे मतदारयादीत आहेत का ते पाहावे. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६ भरावा, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना ८. मग आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा उघडावा आणि वाडीचे जे काम दिसत नाही किंवा झाले नसूनही झालेले दिसते, ते वहीत लिहून काढावे. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होते. त्या दिवशी ती वही घेऊन, घरातल्या बायका-माणसांनी मिळून जावे. प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि उठण्यापूर्वी तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते वाचून पाहावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण समान असू, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता राहील. ही विसंगती मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. मोबाईलवर सगळे सारखे दिसतात. नळाला पाणी आणि वाडीला रस्ता मात्र सारखा येत नाही. तो यावा यासाठी सभेच्या खोलीत आपली खुर्ची आपणच भरली पाहिजे. पूर्वी तिथे बसू देत नव्हते. आता बसायला कोणी अडवत नसताना ती रिकामी राहिली, तर दोष कोणाला देणार?