कॉन्व्हेंट की दुसरी खासगी शाळा? गोंदियातल्या पालकांचे काही गैरसमज

पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ लिहिलं आहे म्हणजे शाळा ख्रिस्ती, हा विदर्भातला जुना समज. इथे केजी-वन, केजी-टूलाच कॉन्व्हेंट म्हणतात आणि कोणत्याही धर्माच्या मंडळींची संस्था हे नाव लावू शकते. कॅथलिक शाळा म्हणजे धर्मप्रांताने किंवा एखाद्या धर्मसंघाने चालवलेली शाळा. गोंदिया जिल्हा नागपूरच्या महाधर्मप्रांतात येतो. शिवाय प्रत्येक ख्रिस्ती संस्था कॅथलिक नसते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनने काढलं. त्यामुळे पाटी वाचून थांबू नका, शाळा कोणती संस्था चालवते ते विचारा. शाळेच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकावरून तिचं व्यवस्थापन आणि कोणत्या इयत्तेपर्यंत वर्ग आहेत, हे घरबसल्या पाहता येतं.

“तिथे घातलं तर पोरगं ख्रिस्ती होईल,” ही भीती अनेक घरांत बोलून दाखवली जाते. तिला सरळ उत्तर द्यायला हवं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांमधले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे होते. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत बसायला भाग पाडता येत नाही. अज्ञान मुलासाठी ही संमती पालकांची लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्यावी. सहसा ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण असतं आणि बाकीच्यांना त्या तासाला मॉरल सायन्स. शिकवणारे बहुतेक शिक्षकही गावातलेच, संसारी असतात.

याची दुसरी बाजू मात्र कोणी विचारत नाही. बिगरख्रिस्ती खासगी शाळा म्हणजे धर्मापासून अलिप्त शाळा, असं नसतं. सरस्वती पूजन, हात जोडून प्रार्थना, सणांचे कार्यक्रम तिथेही असतात. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने कौल दिला. मला वाटतं, घरच्या श्रद्धेची काळजी असलेल्या पालकाने दोन्ही शाळांचा परिपाठ एकदा स्वतः उभं राहून ऐकावा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज शिक्षण हक्क कायद्याबद्दल, म्हणजे आरटीईबद्दल आहे. २५ टक्के मोफत जागा सगळ्या खासगी शाळांत असतात, असं लोक धरून चालतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये ‘प्रमती’ खटल्यात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, अनुदानित असोत की विनाअनुदानित, या कायद्याबाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालावर शंका घेऊन विषय सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

अल्पसंख्याक म्हणजे फक्त ख्रिस्ती किंवा मुस्लिम, हेही चूक. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाप्रमाणे अल्पसंख्याक कोण ते राज्यागणिक ठरतं. म्हणून महाराष्ट्रात गुजराती, सिंधी, हिंदी भाषकांच्या संस्थाही भाषिक अल्पसंख्याक दर्जा घेऊ शकतात. बौद्ध, जैन, शीख संस्थांना धार्मिक दर्जा मिळतो. गोंदियासारख्या व्यापारी, सीमेवरच्या, अनेक भाषा बोलणाऱ्या शहरात याचा अर्थ असा, की वरकरणी ‘साधी’ वाटणारी शाळाही अल्पसंख्याक असू शकते आणि तिथे आरटीईची जागा नसेल. अर्ज भरण्याआधी हा दर्जा विचाराच.

आरटीईतून शिकणाऱ्या मुलाची मोफत सोय आठवीपर्यंतच असते. नववीपासून फी सुरू होते, आणि ऐन दहावीच्या तोंडावर धानाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराची ओढाताण होते. नववी-दहावीचा खर्च आधीच मांडून ठेवणं मुलाच्या हिताचं आहे.

कॅथलिक म्हणजे सीबीएसई, हा समज तर सहज खोडता येतो. अशा कितीतरी शाळा राज्य मंडळाच्या आहेत, आणि बिगरख्रिस्ती खासगी शाळाही भरपूर सीबीएसईच्या आहेत. मंडळ आणि धर्म यांचा संबंध नाही. मराठीची काळजीही करू नये: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. उलट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला आठवीत एकदम पूर्ण इंग्रजी माध्यमात टाकण्यापेक्षा गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीत असलेली सेमी-इंग्रजी शाळा अनेकदा जास्त मानवते. गोंदिया, भंडारा भागात हायस्कूलचं शिक्षण खेड्यापर्यंत नेण्यात मनोहरभाई पटेल यांच्या गोंदिया शिक्षण संस्थेसारख्या स्थानिक संस्थांचा मोठा वाटा आहे. त्या शाळा कमी प्रतीच्या समजून यादीतून काढणं मला पटत नाही.

फीबद्दल थोडक्यात. ती व्यवस्थापनाने एकट्याने ठरवायची नसते. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. समितीतले पालक सोडतीने निवडले जातात आणि ठरलेली फी दोन वर्षं बंधनकारक असते.

शेवटचा गैरसमज, “एकदा चांगल्या शाळेत लागला की बारावीपर्यंत चिंता नाही.” अनेक शाळा दहावीलाच संपतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. संस्थेचं स्वतःचं कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर तिच्या मुलांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. अल्पसंख्याक महाविद्यालयात ५० टक्के त्या समाजासाठी असतात. ख्रिस्ती कुटुंबाला कॅथलिक संस्थेत त्याचा खरा लाभ, इतरांना उरलेल्या जागांचा हिशेब करावा लागतो. शाळेला अकरावी जोडलेली आहे का, हा प्रश्न आठवीच्या प्रवेशावेळीच मुख्याध्यापकांना विचारावा.