बिरडे : सणाचे नाव, रोजचे अन्न

आपल्या पूर्वजांनी कोकणात आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. तिशा बेआवला ते ‘बिरड्याचा सण’ म्हणत. यरुशलेमचे मंदिर पडले, त्या दुःखाचा हा उपास. त्याआधीच्या दिवसांत आपल्या लोकांत मांस वर्ज्य असे आणि घरोघर वालाचे बिरडे होई. त्यावरून हे नाव पडले. आज वर्गात हे नाव सांगितले की मुले विचारतात, “बिरडे म्हणजे काय?” ज्या घरात बिरडे शिजत नाही, त्या घरातून सणाचे नावही हळूहळू पुसले जाते. म्हणून या धड्यात बिरडे म्हणजे काय, ते कसे करावे आणि ते शरीराला का मानवते, हे पाहू.

मोड आणून सोललेले कडधान्य म्हणजे बिरडे. आपल्याकडे नुसते ‘बिरडे’ म्हटले की ते वालाचेच समजावे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत ओल्या शेंगा खायच्या आणि उरलेले वाल वाळवून डब्यात भरून ठेवायचे. आव महिना जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे कोकणात ऐन पावसाळ्यात येतो. तेव्हा समुद्र खवळलेला, मासळी कमी. अशा दिवसांत डब्यातले वाल कामी येत.

पोषण कशात आहे?

१०० ग्रॅम सुक्या वालांत २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच तांदळात ती ७ ग्रॅमच्या आसपास असतात. प्रथिनांतले जे घटक तांदळात कमी पडतात ते वालात भरपूर असतात आणि वालात जे कमी ते तांदळात मिळतात. म्हणून बिरडे-भात ही जोडी शहाणपणाची आहे. शिवाय कडधान्य सावकाश पचते. नुसत्या पांढऱ्या भाताने रक्तातली साखर जशी झपाट्याने चढते, तशी बिरड्याने चढत नाही. मधुमेह असलेल्या घरात हे लक्षात ठेवावे.

मोड येताना दाणा जागा होतो. साठवलेला पिष्टमय भाग फुटू लागतो, सुक्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, तरी बाकीचा फायदा राहतो. साल काढल्याने थोडा चोथाही जातो, पण कडव्या वालाची साल जाड आणि कडू असते. ती ठेवली तर बिरडे कोणी खाणार नाही!

तीन दिवसांचे काम

शुक्रवारच्या जेवणासाठी बुधवारी रात्री सुरुवात करावी. चार माणसांना २०० ग्रॅम कडवे वाल पुरतात. वाल नीट निवडावेत, किडलेले दाणे टाकून द्यावेत आणि भरपूर पाण्यात भिजत घालावेत. गुरुवारी सकाळी पाणी ओतून टाकावे. वाल धुऊन ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत आणि उबेला ठेवावेत. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत वेळ लागतो. दाणे बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला, तर ते टाकून द्यावेत.

शुक्रवारी सकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावेत. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाणा दाबला की तो सालीतून सुळकन बाहेर येतो. हे काम मुलांना द्यावे. सगळ्यांनी भोवती बसून सोलले तर अर्ध्या तासात उरकते. शब्बाथला शिजवायचे नसते, म्हणून सूर्यास्तापूर्वी सगळे तयार हवे.

एक मोठा चमचा तेलात बारीक चिरलेला कांदा परतावा. त्यात ठेचलेले आले-लसूण, हळद, तिखट आणि धण्या-जिऱ्याची पूड घालावी. सोललेले वाल टाकून हलक्या हाताने परतावे, कारण दाणे मोडता कामा नयेत. गरम पाणी घालून, झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवावे. दाणा बोटाने सहज दबला पाहिजे. मुगाचे मोड कच्चे खातात तसे वाल कधीही खाऊ नयेत. कच्च्या वालात अपायकारक द्रव्ये असतात, ती पूर्ण शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

दाणे मऊ झाल्यावरच मीठ, चार-पाच आमसुले आणि लिंबाएवढा गूळ घालावा. आंबट आधी पडले तर दाणे लवकर शिजत नाहीत. आमसूल न मिळाल्यास चिंच चालते. शेवटी वाटीभर नारळाचे दूध घालून एक उकळी आणावी आणि वर कोथिंबीर पेरावी. नारळात चरबी पुष्कळ असते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी नारळाचे पहिले, दाट दूध न घेता दुसरे, पातळ दूध वापरावे.

नारळाचे दूध हे गाईम्हशीचे दूध नव्हे. त्यामुळे बिरडे मांसाच्या जेवणातही चालते आणि दुधाच्या जेवणातही. ताटात बिरडे आणि हातसडीचा भात किंवा तांदळाची भाकरी सारखेच घ्यावे आणि उरलेले अर्धे ताट काकडी, टोमॅटो, गाजर यांच्या कोशिंबिरीने, पालेभाजीने भरावे. जेवणात मांस नसेल, तर सोबत ताकही घेता येईल.

वाल आणि फूल एक नव्हेत

इस्रायलमध्ये बाजारात ‘फूल’ नावाचा शेंगादाणा सगळीकडे मिळतो. वाल मिळाले नाहीत म्हणून काहीजण त्याचेच बिरडे करतात. पण फूल ही वेगळी वनस्पती आहे. ज्यांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पी-डी’ या द्रव्याची कमतरता असते, त्यांना फूल खाल्ल्याने गंभीर त्रास होऊ शकतो. ही कमतरता जन्मजात असते आणि आपल्या देशात अनेक घरांत आढळते. नातेसंबंध आता सगळ्या समाजांत जुळले आहेत, तेव्हा सुनेच्या किंवा जावयाच्या घरी अशी कोणाला कमतरता आहे का, हे आधी विचारावे. असल्यास फूल वापरू नये, आणि वालाबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावे. वाल भारतीय वस्तूंच्या दुकानात मागावेत. पुडीवर कडवे की गोडे हे पाहावे. गोड्या वालाचे बिरडे झाले तरी कडव्या वालाची चव त्याला येत नाही.

घरचा अभ्यास

पुढच्या वर्गाला येण्यापूर्वी मूठभर वाल भिजत घाला. भिजवणे, निथळणे, बांधणे, मोड येणे, सोलणे, परतणे या सहा क्रियापदांनी प्रत्येकी एक वाक्य लिहा. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, की त्यांच्या घरी बिरड्यात आमसूल पडे की चिंच. उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.