अंगावर काढलेली दुखणी

मराठीत आजारपणासाठी एक खास शब्दप्रयोग आहे : अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. म्हणजे औषध नाही, विश्रांती नाही, कामाला खाडा नाही. दुखणं सरेल तेव्हा सरेल. घरातल्या पुरुषाने ताप अंगावर काढायचं ठरवलं, तर बायको त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेते. बाईने काढला, तर तिचं कौतुक होतं. ‘‘अंगात एवढा ताप, पण चकल्या केल्याच हो तिने!’’

या कौतुकामागे काय दडलेलं असतं, ते गडचिरोलीत मोजलं गेलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ जणींना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. यापूर्वी त्यासाठी तपासणी आणि उपचार झाले होते ते शंभरात अवघ्या आठ जणींचे. आणि ‘‘मला काही त्रास नाही’’ म्हणणाऱ्या होत्या ४५. काही आजार मुळातच मुके असतात, हे खरं. पण काही त्रास इतके अंगवळणी पडतात की ते त्रास वाटेनासेच होतात. आपण त्यांना एखादं घरगुती नाव देतो आणि चौकशी तिथेच थांबते. अशाच काही नावांबद्दल हा लेख आहे.

‘पित्त झालंय’

फराळाची धांदल. पन्नाशीची बाई तीन तास गॅससमोर उभी राहून करंज्या तळते आहे. अचानक जबड्यापासून खांद्यापर्यंत ओढ लागते, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, दम लागतो. ती म्हणते, ‘‘दुपारी उशिरा जेवले ना, पित्त झालंय.’’ थंड दूध पिऊन ती पुढचा घाणा कढईत सोडते.

हे पित्त असू शकतं, तसाच हा हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. छातीतली कळ किंवा दाब हे स्त्रियांमध्येही झटक्याचं सर्वांत नेहमीचं लक्षण आहे. पण स्त्रियांना त्याच्याबरोबर, आणि कधी कधी त्याच्याशिवायही, जबडा, मान, पाठ किंवा खांदा दुखणं, धाप लागणं, मळमळ, अकारण गळून जाणं अशी लक्षणं पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. पाळी थांबल्यावर हा धोका वाढत जातो. मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर आणखी. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. १०८ क्रमांकाला फोन करा, रुग्णालय गाठा, ईसीजी काढा. पहिला ईसीजी ठीक आला तरी त्रास चालू असेल तर डॉक्टर रक्ततपासणी करतात. पित्तच निघालं तर आनंदाने घरी या. फेरी फुकट गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

‘उष्णता झाली असेल’

माझ्या मावशीची पाळी बावन्नाव्या वर्षी थांबली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एके सकाळी परकरावर गुलाबी डाग दिसला. उष्णता झाली असेल म्हणून ती सब्जा भिजवून प्यायली. महिन्याभराने परत डाग. घरात मुलीचं लग्न ठरलेलं, मग बोलायचं कसं? सहा महिने ती गप्प राहिली. शेवटी माझ्या आईला तिने सांगितलं तेही लग्न पार पडल्यावर, भाड्याने आणलेली भांडी मोजता मोजता, सहज आठवल्यासारखं. आईने दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं, त्याचा तुकडा तपासला, कर्करोग निघाला. तो गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता, म्हणून शस्त्रक्रियेवर निभावलं. मावशी आज ठणठणीत आहे. आई मात्र अजूनही म्हणते, ‘‘मीच आधी विचारायला हवं होतं गं.’’

शेवटच्या पाळीला वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी व्हायलाच हवी. दहांतल्या साधारण नऊ जणींना कारण साधं निघतं : पातळ झालेलं अस्तर, एखादा छोटा मांसल कोंब. दहाव्या बाईला कर्करोग असू शकतो, आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात बहुतेकींना आधी हीच खूण दिसते. म्हणजे शरीर वेळेवर सांगतं.

पाळी चालू असतानाही काही गोष्टी ‘जायच्या वयातलं असंच असतं’ म्हणून सोडू नयेत. तासाला एक पॅड भिजणं आणि तसं काही तास चालणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसणं, या सगळ्या डॉक्टरांना दाखवण्याच्या गोष्टी आहेत.

‘पांढरं जातंय’

हा त्रास बायका एकमेकींनाही कुजबुजत सांगतात. पातळ, वास नसलेला स्राव दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत वाढतो, तो निरोगी असतो. घाण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं, आणि बहुतेक संसर्ग औषधांनी बरे होतात. स्रावात रक्त असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी हवी.

ही साधी माहिती न मिळाल्याने काय घडतं, ते बीडने दाखवलं. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, अनेकींचं चाळिशीच्या आत. उसाच्या फडात ना संडास, ना पाणी, आणि कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. पांढरं जाणं, पोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती दाखवली गेली. म्हणून हेही सांगायला हवं : लक्षणाकडे दुर्लक्ष करू नका, आणि घाबरून लगेच ऑपरेशनला तयारही होऊ नका. तपासणीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालण्याचा रस्ता शेजारच्याच जिल्ह्यात सापडला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची, या कर्करोगामागे असणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी, फक्त एकदा तपासणी झाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आता या विषाणूवर पुण्यात तयार होणारी लसही आहे. ९ ते १४ वयाच्या मुलींना ती दिली तर सर्वांत उपयोगी पडते. आईची तपासणी आणि लेकीची लस, दोन्ही एकाच फेरीत विचारून घ्या.

‘दुखत नाही ना, मग कशाला?’

दुखणाऱ्या गाठीला बाई घाबरते आणि न दुखणारी विसरते. स्तनाचा कर्करोग बहुधा सुरुवातीला दुखतच नाही. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला वाटाण्याएवढं काही कठीण लागतं आणि पाण्याबरोबर तो विचारही वाहून जातो. गाठ, काखेतला गोळा, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते बोटांनी ठरवता येत नाही.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र नव्हतं, शिकवलेले हात होते. तिशीपुढच्या स्त्रियांसाठी स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड यांची तपासणी आता सरकारी आरोग्यसेवेच्या कार्यक्रमात आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तारीख विचारा.

‘थकवा काय, असायचाच’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप, छातीत धडधड, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं या त्याच्या खुणा. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू-आवळ्याबरोबर घ्याव्यात. पाळी थांबलेल्या बाईचं रक्त कमी झालं तर ते आतून कुठे जातंय का, याचा शोध घ्यावाच लागतो. थकव्याबरोबर वजन वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासावं. आणि चाळिशीनंतर पोट सतत फुगलेलं, दोन घासांत भरलेलं वाटत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, तर ‘गॅस’ म्हणून महिनोन्‌महिने ओवा खात बसू नका. अंडाशयाचा आजार असाच बोलतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, भिशीची असते. ‘‘शेवटची पाळी कधी आली?’’ असं डॉक्टरांनी विचारलं की मात्र बाई गोंधळते. दिवाळीत नवं कॅलेंडर घरात येईल. त्यावर आपल्याही तारखा लिहा : पाळीची, डाग दिसल्याची, धाप लागल्याची. नवी तक्रार दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवा. पाळी थांबल्यानंतरचं रक्त आणि स्तनातली गाठ यांना तेवढीही मुदत देऊ नका, आणि छातीवरच्या दाबाला तर एक तासही नाही. त्या दिवशी घरच्या कामाला खाडा पडला तर पडू द्या.