व्यापारी पटखेळातील झाकलेले पत्ते : स्मरणाची उपयुक्तता

जर्मन खेळरचनाकार क्लाउस टॉयबर यांचा ‘कॅटन’ हा पटखेळ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लाकूड, विटा, लोकर, धान्य व खनिज या पाच साधनांची देवघेव हा त्याचा गाभा होय. प्रत्येक साधनाचे १९ पत्ते असतात आणि खेळाडूच्या हातातील पत्ते इतरांस दिसत नाहीत.

ही गुप्तता मात्र बरीचशी वरवरची आहे. फाशांनुसार मिळणारे उत्पन्न, देवघेव आणि बांधकामाचा खर्च हे सारे सर्वांसमक्ष घडते. त्यामुळे येथे तर्कापेक्षा स्मरणाचीच कसोटी लागते. खरी अनिश्चितता शिरते ती चोरीमुळे. फाशांची बेरीज सात आली (शक्यता ३६ पैकी ६), की चोराचे प्यादे हलविणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा एक पत्ता न पाहता उचलतो. तो कोणता, हे त्या दोघांनाच कळते. पाच पत्त्यांत तीन धान्याचे असल्यास धान्य गेल्याची शक्यता ३/५, एवढेच इतरांस म्हणता येते.

२५ विकासपत्त्यांत एकाधिकाराचे दोन असतात. त्यांपैकी एक खेळून साधनाचे नाव घेताच इतरांजवळील त्या साधनाचे सर्व पत्ते मिळतात. येथे अचूक नोंदीचा लाभ निर्विवाद आहे. सौद्यात तो तितका नाही. प्रतिस्पर्ध्याजवळ दोन विटा आहेत हे ठाऊक असले, तरी रस्त्यासाठी तो त्या राखून ठेवील काय, हे मोजणीतून उमगत नाही. ते पटावरील त्याच्या वसाहतींवरूनच ताडावे लागते.