फ्लॉरेन्सच्या संगमावर आपले राजाराम महाराज

सहलीचा शेवटचा दिवस अडनिडाच असतो. हॉटेलची खोली सकाळीच रिकामी करायची, विमान संध्याकाळचं, मधला वेळ हातात. फ्लॉरेन्समध्ये बहुतेक लोक तो पोन्ते वेक्कियोवरच्या सोनारांच्या दुकानांत नाहीतर चामड्याच्या पिशव्यांच्या बाजारात घालवतात. पूल पाहावा असाच आहे. तो १३४५ सालचा. १९४४च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी आर्नो नदीवरचे शहरातले बाकीचे पूल उडवले, एवढा एक ठेवला. आमच्या वडूजच्या, एकूणच खटाव-खानापूरकडच्या कितीतरी घरांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यामुळे देशभर पांगलेली. सोन्याची दुकानं दिसल्यावर ह्यांचे पाय तिथून हलेनात.

मी मात्र तो दिवस घरून निघतानाच राखून ठेवला होता. "आई, तिकडं नुसती बाग आहे," सून म्हणाली. त्या बागेच्या टोकाला कोल्हापूरचे छत्रपती आहेत हे तिला माहीत नव्हतं, आणि ती तर राजाराम कॉलेजात शिकलेली.

शहराच्या पश्चिमेला, आर्नोच्या काठानं, काशिने नावाची बाग साडेतीन किलोमीटर लांब पसरली आहे. स्टेशनाजवळ बॅगा ठेवायची सोय आहे. तिथून ट्रामनं बागेच्या अलीकडच्या टोकाला उतरायचं आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. सायकलवाले, पळणारे, कुत्री फिरवणारे भेटतात. हळूहळू तेही विरळ होतात. जिथे मुञ्ञोने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथे झाडांच्या मोकळ्यात एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजघराण्यातल्या माणसाच्या समाधीवर बांधतात तशीच. आत पागोटं घातलेल्या कोवळ्या चेहऱ्याच्या तरुणाचा अर्धपुतळा, चौथऱ्यावर चार भाषांत लेख.

हे राजाराम महाराज. राजर्षी शाहूंच्या आधीच्या पिढीतले. १८६६ साली गादीवर आले आणि १८७०च्या उन्हाळ्यात विलायतेला गेले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं मानणारे लोक घरोघरी होते, त्या काळात हा विशीतला राजा लंडनला गेला, राणी व्हिक्टोरियाला भेटला आणि रोजच्या रोज इंग्रजीत टिपणं लिहीत गेला. ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट या त्यांच्याबरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर युरोपातून इटलीकडे येताना महाराज आजारी पडले. कसंबसं फ्लॉरेन्स गाठलं. तिथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते गेले. वय २० वर्षं. घराकडे परतणाऱ्या मुलाचा प्रवास असा अर्ध्यावर थांबला, हे त्या छत्रीसमोर उभं राहिल्यावर फार जवळून जाणवतं.

पुढचा प्रश्न दहनाचा होता. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, आणि मृतदेह पुरणं हीच तिथली रीत. मिलानमधलं दहनगृह सुरू व्हायला अजून पाच-सहा वर्षं अवकाश होता. कॅथलिक चर्चनं तर १८८६ साली दहनाला उघड मनाई केली. अशा शहरात महाराजांच्या माणसांनी परवानगी मागितली, आणि ती मिळाली. दहनासाठी संगमाचीच जागा का निवडली, हे साताऱ्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी आमच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. परक्या मुलखात त्या माणसांनी पहिल्यांदा संगमच शोधला असणार. रात्री चिता पेटली आणि शहरातली माणसं ती पाहायला लोटली. परका धर्म, परकी रीत, तरी त्यांनी ते होऊ दिलं. मला त्या शहराबद्दल जे वाटतं ते मुख्यतः यासाठी.

छत्रीचा आराखडा मेजर मॅन्टचा, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं आखला त्याचाच. पुतळा फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा. १८७४ साली स्मारक पुरं झालं. शंभर वर्षांनी शेजारीच आर्नोवर जाड तारांनी तोललेला मोठा पूल बांधला, १९७८ मध्ये तो पूर्ण झाला, आणि त्याला नाव मिळालं 'इंडियानो'चा पूल. आसपासच्या भागालाही लोक तेच म्हणतात.

सून बराच वेळ चौथऱ्याभोवती फिरत होती. मग म्हणाली, "कॉलेजात एवढी वर्षं काढली, पण राजाराम म्हणजे हे, असं कुणी सांगितलंच नाही." परतताना मी तिला पुढचं सांगितलं. महाराजांना मुलगा नव्हता. दत्तक आलेले चौथे शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगरला दुर्दैवी अवस्थेत वारले. मग १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज.

कुणी फ्लॉरेन्सला जाणार असाल तर हा फेरा करायला अर्धा दिवस लागतो. चालत जाऊन चालत यावं, छत्रीपाशी घाई करू नये. विमानतळाची ट्राम स्टेशनाजवळूनच सुटते, तेव्हा बॅगा घेऊन वेळेत पोहोचता येतं.