इंजिनाचा रंग कोणता?

मराठवाड्यातील वाफेच्या इंजिनांचा मागोवा घेणाऱ्यास सन, मैल, रुळांची रुंदी आणि आसांवरचा भार ही माहिती जुन्या दफ्तरांतून फारशी यातायात न करता मिळते; परंतु त्याच इंजिनाची चिमुकली प्रतिकृती घडवावयास जो बसतो, त्याच्यापुढे धातूचे सारे काम संपल्यावर एक प्रश्न उभा राहतो, आणि तो इतिहासकारांनी बहुधा विचारलेलाच नसतो : इंजिनाचा रंग कोणता?

लातूरकरांची ‘बार्शी लाइट’ घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची ही लोहवाट १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीस नेली. १९११ मध्ये ती इंग्रजी अंमलाची सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखात लातूरला पोहोचली आणि १९२७ साली दुसऱ्या बाजूने मिरजेस भिडली. हलक्या रुळांवर कोणत्याही आसाचा भार पाच टनांहून अधिक पडू नये, हा कॅलथ्रॉपचा कटाक्ष असल्यामुळे लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेली पहिली इंजिने आठ जोडचाकांवर आणि मागच्या चार लहान चाकांवर आपले वजन वाटून घेणारी, लांबट आणि ठेंगणी अशी होती.

या इंजिनांच्या रंगाची साक्ष छायाचित्राकडे मागावी, तर ते सहज दिशाभूल करते. इंजिन कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेताना प्रत्येक खिळा आणि नळी स्पष्ट उमटावी, म्हणून त्याला पुष्कळदा फिकट करड्या रंगाचा तात्पुरता हात देत, आणि चित्र निघाल्यावर खरा रंग चढवीत. तेव्हा ते चित्र प्रमाण मानणारा कारागीर जे इंजिन रंगवितो, ते त्या रूपात रुळांवर कधी धावलेलेच नसते. शिवाय त्या काळच्या काचांवर तांबडा रंग काळवंडून आणि निळा फिकटून उमटत असे, त्यामुळे पुढच्या आडव्या तुळईचा लाल रंग आणि शेजारच्या सांगाड्याचा काळा रंग एकजीव दिसतात.

रंग म्हणजे त्या काळी रेल्वे कंपनीची राजमुद्राच होती. लंडन-ब्रायटन रेल्वेवर स्ट्राउड्ली या अभियंत्याने इंजिनांना पिवळ्या मातीसारखा रंग दिला आणि त्याचे नाव ‘सुधारित इंजिन हिरवा’ असे ठेवले. दार्जिलिंगची निळी इंजिने तर आजही ओळखीची आहेत. कॅलथ्रॉपनेच स्टॅफर्डशरमध्ये १९०४ साली उभारलेल्या तितक्याच रुंदीच्या लीक-मॅनिफोल्ड मार्गावर डबे फिकट पिवळे होते. तो मार्ग १९३४ साली मोडीत निघाला, तरी तेथील प्रतिकृतिकारांनी तो घरोघरी मेजांवर जिवंत ठेवला. आपल्याकडे निजामाची रेल्वे १९५१ साली आणि बार्शी लाइट १९५४ साली मध्य रेल्वेच्या हवाली झाली, आणि काजळी व तेल पोटात घेणारा काळा रंग सर्वत्र रूढ झाला. त्या काळ्या अंगावरही ड्रायव्हर-फायरमन पितळी पट्टे घासून लखलखीत ठेवीत, आणि खंडेनवमीला हळदकुंकू व झेंडूच्या माळा चढत. यंत्राविषयीची ही आत्मीयता कोणत्याही कंपनीच्या राजमुद्रेहून मला मोलाची वाटते.

प्रतिकृतीच्या दृष्टीने मात्र मराठवाडा विलक्षण भाग्यवान आहे. सत्त्याऐंशीपट लहान करण्याचे जे प्रमाण जगभर रूढ आहे, त्यात आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतरावर पडतात, पण बाजारात मिळतो तो १६.५ मिलिमीटरांचा, म्हणजे मुंबईचे इंजिन अरुंद पायांवर उभे करावे लागते. उलट लातूरचा ७६२ मिलिमीटरांचा मार्ग त्या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरांचा होतो आणि नऊचा रूळ तयार मिळतो. नांदेड-पूर्णेकडच्या मीटरगेजला साडेअकरा लागतात, तेथे बाराचा चालतो. पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. हा छंद मराठी माणसाच्या हाताला किती साधतो, हे त्याने दाखविले आहे. नांदेड-लातूरच्या एखाद्या शाळेने आपल्या दोन्ही लोहवाटा मांडावयास घेतल्या, तर गणित तिच्या बाजूचे आहे. रंगविताना मात्र शुद्ध काळा वापरू नये. दुरून पाहिलेला काळा हवेने करडावतो. त्यात थोडा पांढरा मिसळल्याशिवाय वीतभर इंजिन टनांचे वाटत नाही.

लातूरची जुनी वाट येडशी-ढोकीकडून येई. तिच्या रुंदीकरणाचे काम कुर्डुवाडीपर्यंत २००८ साली पुरे झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन जी गाडी तहानलेल्या लातुरास आली, ती बार्शी लाइटचीच दोन टोके जोडीत ब्रॉडगेजवरून धावली. मागे उरलेली जुनी इंजिने चौथऱ्यांवर मांडून त्यांना भडक तैलरंग फासण्याची जी चाल पडली आहे, ती मला मान्य नाही. कारण त्यापूर्वी जुने थर खरवडले गेले, तर जो रंग शोधावयाचा तोच नाहीसा होतो.

म्हणून कुर्डुवाडी, लातूर, पूर्णा, नांदेड येथील निवृत्त रेल्वेकामगारांच्या कुटुंबांना एक विनंती आहे. माळ्यावर इंजिनाच्या क्रमांकाची पाटी, दिव्याचे घर किंवा पत्र्याचा तुकडा पडलेला असेल, तर तो चिंचेने घासून चकचकीत करू नका. अक्षरांच्या खोबणीत जो जुना रंग चिकटून राहिला आहे, तो तसाच असू द्या.